टायमरवरची खिडकी

मॉडरेटरने माझा रन तिसऱ्यांदा रिजेक्ट केला आहे, आणि खरं कारण मी त्याला सांगू शकत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. निदान इथे कुणी पुरावा मागत नाही.

आधीच स्पष्ट करते – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी डी. फार्म. केलंय, पवनीत एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर असते. तापाने फणफणलेलं लेकरू आधी अंगारा लावून घरी ठेवायचं आणि मग दुकानात आणायचं, असं करणाऱ्यांवर मी रोज ओरडते. इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते डबा खाताना करमणूक म्हणून. उलटे पाय, पांढरी साडी, पिंपळ... माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. माझ्या बाबतीत ग्लेअर झाला, म्हणजे व्हिडिओत स्क्रीनवर उजेड चकाकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – स्पीडरन म्हणजे एखादा व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवून दाखवायचा. जगभरातले रिकामटेकडे (हा आईचा शब्द) हे करतात, व्हिडिओ काढून एका वेबसाइटवर टाकतात, तिथला मॉडरेटर तो तपासतो आणि मग यादीत तुमचं नाव लागतं. माझ्याकडे आतेभावाने दिलेला एक जुना, हातात धरून खेळायचा गेम आहे. त्यात एक खार झाडांवरून उड्या मारत पळते. तो टीव्हीला जोडता येत नाही. त्याची स्क्रीन रेकॉर्ड करायचं यंत्र असतं म्हणे, पण ते परदेशातून मागवावं लागतं, आणि आमच्याकडे साधं पार्सल आलं तरी पोस्टमन आधी फोन करून "घर कुठी हाये" विचारतो.

मग उरतो एकच उपाय. मोबाईल वरून पालथा टांगायचा आणि त्याच्या खाली गेम धरून खेळायचं. मी तांदळाचे दोन उंच डबे घेतले, त्यावर फळी ठेवली, फळीला कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं. आई म्हणाली, "तांदूळ काढाचा असन तं तुही परवानगी घ्याव लागन का आता?" मी म्हटलं, रविवारी दुपारी तेवढी.

नियम साधे आहेत. व्हिडिओ एका दमात काढलेला हवा, कुठे कापाकापी नको, आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातला टायमर शेवटपर्यंत वाचता आला पाहिजे. आणि नेमका त्याच कोपऱ्यात, प्रत्येक व्हिडिओत, पांढरा चकाकणारा चौकोन! खेळताना डोळ्यांना काही दिसायचं नाही. स्क्रीन स्वच्छ. नंतर मोबाईलवर पाहिलं की टायमरवर चौकोन बसलेला. पहिला रन गेला. मॉडरेटरने लिहिलं – टायमर दिसत नाही, उजेडाचं काहीतरी करा.

केलं ना! खोलीला एकच खिडकी, ती बंद करून तिच्यावर आईचं जुनं लुगडं टांगलं. ट्यूबलाइट बंद. आरशावर चादर. डब्यांना काळे कागद गुंडाळले. उन्हाळ्यात त्या बंद खोलीत मी पंख्याखाली घामाने निथळत खार पळवत होते, आणि व्हिडिओत चौकोन जसाच्या तसा. मुळात खिडकी माझ्या पाठीमागे, आणि गेमच्या बरोबर वर फळी, मोबाईल आणि सिमेंटचा स्लॅब. त्या कोनात कुठलीच खिडकी येऊ शकत नाही. आतेभावाला पाठवलं तर तो म्हणाला, लेन्स पूस. मी लेन्स पुसली. तो पुन्हा म्हणाला, नीट पूस. पुण्यात बसून सल्ले द्यायला काय जातं.

दुसरा रन रिजेक्ट झाला त्या दिवशी मी वैतागून तो चौकोन मोठा करून पाहात बसले होते. मोठा केल्यावर दिसलं की तो नुसता चौकोन नाही. त्यात उभे गज होते. आई मागून जात होती, ती थांबली. चष्मा पुसला. वाकून पाहिलं.

"पिंकी, हे तं आपली खिडकी हाये."

"कोणती आपली? आपल्या खिडकीले गज आहेत काय? सरकती काच आहे ना वं."

"इथली नाई. सैपाकघराची. तो गज पाय नं, वाकडा."

मी पाहिलं. एक गज खरोखर बाहेरच्या बाजूला वाकलेला होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही आता नवीन गावठाणात राहतो, पवनीहून आसगावकडे जाताना आत वळलं की सरळ रेषेत आखलेली घरं आहेत, त्यातलं एक. गाव सोडताना सगळ्यांनी छपराचे कवेलू, लाकडी फाटे, दारं, चौकटी काढून ट्रॅक्टरवर घातल्या. आम्हीही घातल्या. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी राहिली, कारण ती भिंतीत इतकी पक्की बसवलेली होती की निघालीच नाही. मी लहान असताना आमच्या बकरीने तिच्या गजांत डोकं अडकवलं होतं, आणि बाबांनी पहारीने गज वाकवून तिला सोडवलं होतं. तो गज वाकडाच राहिला.

आणि त्या खिडकीवरून आमच्या घरात रोज भांडण. बाबा तिथे बसून बिडी ओढायचे, धूर बाहेर जावा म्हणून पल्ले उघडायचे आणि तसेच उघडे टाकून निघून जायचे. मग मांजर दुधावर यायची, पाऊस चुलीवर यायचा. आई ओरडायची, "खिडकी लावत जा ना जी!" बाबा "हो" म्हणायचे. लावली एकदाही नाही. गाव उठायच्या आदल्या वर्षी बाबा गेले. तेव्हा ते गाव कोरडं होतं, ते शेवटपर्यंत तिथलेच राहिले.

शेवटच्या दिवशी मात्र ती खिडकी आईच्याच हातून उघडी राहिली. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, ती घाईत निघाली. तेव्हापासून जरा पाऊस आला की आईच्या हातातलं काम थांबतं. दारात जाऊन पाण्याच्या दिशेने पाहते आणि म्हणते, "आत झड येत असन वं. खिडकी लावाची राहून गेली."

किती वेळा समजावलं असेल मी! "आई, घर पाण्याखाली आहे. अख्खं घर! वरचे कवेलू तर आपणच काढून आणले. छप्पर नाही, दार नाही, आणि तू खिडकीचं घेऊन बसली?"

"मले समजते," ती म्हणायची. "पण उघडी सोडून आली ना मी." आणि या नव्या घराला ती घर म्हणतच नाही, 'प्लॉट' म्हणते. "प्लॉटवर चाल", "प्लॉटवर पाहुणे आले". ऐकून ऐकून माझं डोकं उठतं.

तर आता तिला माझ्या व्हिडिओंचं वेड लागलं. खारीशी तिला देणंघेणं नाही. रन चुकला की मी व्हिडिओ पुसून टाकायची, मोबाईलमध्ये जागा कुठे असते. तर ती ओरडायची, "पुसू नोको! मागं घे. आंबा दिसला का पाय." खिडकीच्या पलीकडे आमचा आंबा होता. मला आंबा वगैरे काही दिसत नव्हतं, मला फक्त झाकलेला टायमर दिसत होता. मी म्हटलं, गज कुठल्याही खिडकीला असतात, वाकडेही असतात, मोबाईलची लेन्स सरळ रेषा वाकवते. हे मी इतक्या जोरात सांगत होते की माझा मलाच संशय आला.

मग तो रविवार. आई शेजारच्या खोलीत झोपली होती, तिचं घोरणं व्हिडिओतही ऐकू येतं. लुगडं टांगलेलं, दिवा बंद, सगळं नेहमीसारखं. आणि माझे हात असे काही चालले की काय सांगू. जिथे खार नेहमी पडते ती फांदी सुद्धा पार झाली. गेम संपला तेव्हा मी ओरडलेच. यादीत पहिला नंबर होता तो! पहिला!

लगेच व्हिडिओ लावला. पुन्हा तोच चौकोन, टायमरवर. मला रडूच आलं. रागाने बंद करणार होते, पण म्हटलं शेवट तरी पाहू.

अर्ध्यावर खिडकीचा डावा पल्ला लागला.

मी जे पाहिलं तेच लिहिते आहे. पांढऱ्या चौकोनाचा डावा अर्धा भाग काठाकडून मधे येत काळा झाला. मग उजवा. उजवा पूर्ण आला नाही, थोडी फट राहिली, आणि मग एक धक्का बसल्यासारखा तो आत गेला. पंख्याच्या घरघरीत एक बारीक 'ठप्प' ऐकू येतं. त्यानंतर कोपरा स्वच्छ. टायमर लखलखीत, शेवटच्या आकड्यापर्यंत. हात दिसला नाही. कुणीच दिसलं नाही.

आईला उठवलं. तिने पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. मी वाट पाहात होते की ती घाबरेल, देवाचं नाव घेईल. ती चिडली!

"डावा आधी, मंग उजवा. उजव्याले गुडघा माराव लागे, पावसात फुगून जाये तो," ती म्हणाली. "पाय, बराबर येते याले! जिता होता तवा एकदाही लावली नाई. एकदाही! म्या घसा फोडून घेतला. अन आता लावून राहिला..."

पदराने तोंड पुसत ती मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही. मीही तिच्या मागे गेले नाही. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

व्हिडिओ पाठवला. मॉडरेटरचं उत्तर आलं – वेळ जबरदस्त आहे, पण अर्ध्यावर उजेड एकदम बदलतो, तेव्हा दोन वेगळे व्हिडिओ जोडल्याचा संशय येतो. रिजेक्टेड. म्हणजे ग्लेअर आहे म्हणून नको, आणि ग्लेअर गेला म्हणूनही नको! मी मूळ फाइल पाठवली. तो म्हणाला, फाइलमध्ये काही सापडत नाही, पण उजेड का बदलला ते सांगा. उत्तर लिहायला बसले. काय लिहू? माझ्या वडिलांनी खिडकी लावली? कुठली खिडकी? धरणातली? टाइप केलेलं सगळं पुसलं.

त्यानंतर चौकोन एकाही व्हिडिओत आला नाही. लुगडं काढून पाहिलं, ट्यूब लावून पाहिलं – ट्यूबचाच उजेड येतो, पट्टीसारखा. आतेभाऊ आता म्हणतो, गेमची स्क्रीन आतून खराब असेल, आपोआप नीट झाली असेल. असेलही. पण स्क्रीन खराब झाली तर उजव्या पल्ल्याला गुडघा मारावा लागतो हे त्या स्क्रीनला कुणी सांगितलं? कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, फक्त कृपा करून लेन्स पुसायला सांगू नका.

परवा दुपारी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं होतं. रन सुरेख चालला होता, कोपरा स्वच्छ, ती फांदी पार झालेली. तेवढ्यात आभाळ भरून पाऊस कोसळायला लागला. माझं अर्धं लक्ष आईकडे. ती दारातच सुपात तांदूळ निवडत बसली होती. आता उठेल, पाण्याकडे पाहील, म्हटलं. तिने मान सुद्धा वर केली नाही. खडे वेचता वेचता म्हणाली,

"पिंकी, आपल्या घरची खिडकी लाव वं. झड येऊन राहिली आत."

आपल्या घरची.

मी गेम खाली ठेवला आणि सरकती काच लावायला उठले. खार पडली. पडू दे.