आठ मायक्रॉनचं कुंकू

मानसिंगराव मुळातच हट्टी. पणजोबा देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या शिलेखान्यात तलवारी सांभाळायचे, म्हणून खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा झालीच पाहिजे. तलवारी तर केव्हाच गेल्या! मग मानसिंगराव जाडी मोजायचा आपला मायक्रोमीटर पाटावर ठेवायचे. एकतीस वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कारखान्यात तयार माल मोजून पास करत आले, तेव्हा शस्त्र तेच. आणि घरचा नियम असा, की पूजेचं कुंकू दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत पुसायचं नाही.

त्या वर्षी कारखान्यात चोवीस पिना घडत होत्या, बोटभर लांबीच्या, पोलादी. संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत हेलिकॉप्टरवरून सुटून जहाजावर आदळणारं, जवळच्या पल्ल्याचं एक क्षेपणास्त्र तयार होत होतं, त्याचे पंख या पिनांवर फिरणार होते. दसऱ्याच्या सकाळी माल न्यायला गाडी कारखान्याच्या दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मालक विक्रमसिंह ‘चलो, चलो’ करतोय. मानसिंगरावांनी घरून कुंकवासकट आणलेला मायक्रोमीटर उचलला, पिना मोजल्या, कागदावर सही ठोकली. गाडी गेली.

दोन दिवसांनी कामाला बसताना त्यांनी सवयीने मायक्रोमीटरची तोंडं मिटवली. शून्य यायला हवं होतं. आले आठ मायक्रॉन. पुन्हा मिटवली. आठच! चष्मा पुसून पाहिलं, तर मायक्रोमीटरच्या तोंडावर तेलात कालवलेला लालसर पापुद्रा. दसऱ्याच्या घाईत शून्य पाहायचंच राहिलं होतं. म्हणजे प्रत्येक पिन कागदावर लिहिली त्याहून बारीक. आता तुम्ही म्हणाल, आठ मायक्रॉन म्हणजे किती हो, केसाचा दहावा हिस्सा! अहो, पण पिन ढिली तर पंख थरथरणार, आणि पंख थरथरला तर ते अस्त्र कुठं जाईल याचा नेम नाही. चाचणी चार दिवसांवर होती.

विक्रमसिंहाने ऐकलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. “काकासाब, उनके यहाँ भी तो नापते हैं. आप काहे को टेन्शन ले रिये हो? फोन किया तो अपना नाम लिस्ट से गया समझो. चालीस लोग हैं यहाँ.”

चाळीस माणसं! मानसिंगराव दुपारी घरी जेवायला गेले, पण घास उतरेना. बायकोनं, सगुणाबाईंनी, खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. बिचारीचा चेहराच उतरला.

“कुंकू तर मीच लावलं हो.”

“कुंकवाचा काय दोष? शून्य मी पाहिलं नाही.” ताट सरकवून ते उठले आणि तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला. पलीकडच्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “लाइन पर रहिए.”

पाऊण तास गेला. मानसिंगरावांचा कान तापला. सगुणाबाई समोर पाणी धरून उभ्याच होत्या.

“ग्यारह पिन लिमिट से कम हैं,” मॅडमचा आवाज आला. “उनमें से चार लग चुकी थीं. टेस्ट रोक दी है.” आणि फोन बंद.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. चोवीसच्या चोवीस पिना परत आल्या, सोबत त्यांच्या सहीवर लाल रेघ मारलेला कागद. विक्रमसिंहाने पास करायचा शिक्का त्यांच्या ड्रॉवरमधून काढून नेला, त्यांना खोके बांधायला बसवलं. चहाला कुणी बोलावेना. एकतीस वर्षांची अब्रू धुळीला मिळाली असंच त्यांना वाटायचं. घरी आल्यावर ते चक्क रडायचे.

थंडी पडली तेव्हा एके सकाळी विक्रमसिंह खोक्यांपाशी आला. हातात नवी ऑर्डर. बराच वेळ तो कागद उलटापालटा करत राहिला.

“चोबीस पिन फिर से बनाने की हैं,” तो शेवटी म्हणाला. “नीचे मॅडम ने लिखा है, माल वही पास करेगा जिसने फोन किया था.” आणि त्याने शिक्का त्यांच्यापुढे ठेवला.

पिना तयार झाल्या त्या दिवशीही गाडी दारात होतीच. मानसिंगरावांनी मायक्रोमीटरची तोंडं स्वच्छ पुसली, मिटवली, शून्य पाहिलं. उघडून पुन्हा मिटवली. बाहेर हॉर्न वाजला.

“बजने दो,” विक्रमसिंह म्हणाला. “काकासाब, एक बार और देख लो.”