नानासोंचे पेरू, बुलबुल आणि खार

मेलेल्या मेंढराच्या जखमा बघून ‘हे लांडग्याचं काम, हे कुत्र्याचं’ असं बिनचूक सांगणारे आमचे शेजारी नानासो. आटपाडीकडच्या माळांवर निम्मी उमर मेंढरांमागं गेली. आता दोन एकर रान आणि दारात पेरूचं एक झाड. लेक स्वप्नाली सांगलीत दिली, तिला डोहाळे लागले ते ह्याच पेरूचे. “आबा, बाजारातला नको, आपल्या दारातला,” असा तिचा फोन. श्रावणात ती बाळंतपणाला यायची होती. तोवर पेरू राखायचे, एवढं एकच काम नानासोंनी अंगावर घेतलं.

पेरू पिकायला लागले आणि फोडलेले दिसायलाही लागले.

संशयित दोन. जास्वंदीत घरटं केलेली बुलबुलाची जोडी आणि पत्र्याखालची खार. चौकशी नानासोंनी उभ्या उभ्याच उरकली. बुलबुल तुरा ताठ करून पहाटे गातो, शेपटीखाली कुंकवाचं बोट लावल्यागत लाल. खार दिवसभर चिरचिरते आणि कुणाकडं सरळ बघत नाही.

“तोंडच चोराचं हाय तिचं.”

“आवं, बुलबुल बी फळंच खातंय न्हवं?” बनाबाई, त्यांची बायको.

“गाणारं पाखरू हाय ते. तुला काय कळतंय?”

खारीचं काथ्याचिंध्यांचं घरटं त्यांनी काठीनं पाडलं. तिनं एकेक पिल्लू तोंडात धरून आमच्या गोठ्याच्या आढ्याला नेलं. बुलबुलाला मात्र रोज वाटीत ताजं पाणी. नानासो हातभर अंतरावर उभे राहिले तरी जोडी उडायची नाही, ह्याचा त्यांना लय अभिमान.

खार गेली तरी पेरू फुटतच राहिले. “लांबून येती,” नानासो म्हणाले.

स्वप्नाली आली तेव्हा झाडावर एकही धड पेरू नव्हता.

“खारीनं खाल्लं गं सगळं.”

पोर मेंढक्याचीच. तिनं एक पेरू तोडून हातात फिरवला. दातांची खरवड कुठंच नाही, नुसती टोचून पाडलेली खोल भोकं.

“आबा, खारीला चोच कवा फुटली?”

बनाबाई फस्सकन हसल्या. नानासोंचं तोंड बघून मला मात्र हसता येईना. एवढ्यात शेंड्याच्या अर्ध्या पेरूवर बुलबुल येऊन बसला आणि निवांत टोचा मारायला लागला.

“तुझ्यापायी लेकुरवाळीचं घर मोडलं रं मी!” नानासो ओरडले, जोरानं टाळ्या पिटल्या.

बुलबुलानं मान वाकडी करून त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पेरूत चोच घातली. नानासोंना भ्यायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.