देवाचं दूध चुलीवरच राहिलं

थांबा, हे आत्ताच सांगायला पायजे! आत्ता गॅसवर दूध उतू गेलं आन् मला आमचे आबा आठवले, वडलांचे वडील.

नव्वद सालानंतरची गोष्ट हाय, मी लहान होते. शेळगावजवळ वनखात्याच्या माळावर आमचा देव हाय, शेंदूर लावलेला दगड. मेंढरं व्याली की आबा तितं तीन दगडांची चूल मांडून दूध उतू जाईस्तोवर तापवायचे. उतू गेलेलं दूध हाच देवाचा निवद.

एका उन्हाळ्यात वनरक्षकानं धरलं. "आबा, वनात जाळ करणं गुन्हा हाय. गवत पेटलं म्हंजे? पाटी दिसली न्हाय व्हय?"

"दिसली की, पण वाचाय कुठं येतंय? आन् देव पाटीच्या आधीपास्नं हाय."

"देवावर न्हाय आबा, केस तुमच्यावर हाय."

इंदापूरच्या कोर्टात आबांनी गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. सगळे म्हणाले, सुटलात! पण आबा दिवसभर पटका काढून मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावरबी त्यांनी तो डोक्याला बांधला न्हाय.

पुढच्या वर्षी आईनं घरीच दूध उतू जाऊ देऊन किटलीत भरून दिलं. आबा वनाच्या कुंपणापर्यंत गेले आन् भरली किटली घेऊन माघारी आले.

"उतू गेलेलं हितं चुलीवर ऱ्हायलं," ते आईला म्हणाले. "देवाला उरलेलं कसं नेऊ?"

त्यानंतर मरेपर्यंत ते माळावर गेलेच न्हाईत.

तुमच्यातबी कुणाचा देव असा कुंपणाच्या आत राहिला का? सांगा ना.