साक्षीदार : कोणी नाही

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी, मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या किचनमध्ये, बाबाने माझं एक पान पेन्सिलने तपासलं आणि त्यातला एकच आकडा बदलला. त्या आकड्यासाठी ही पोस्ट.

थोडं मागचं सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी गालातल्या गालात हसून घ्या. तीन वर्षांपूर्वी मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं, तेही मिडटर्मच्या आठवड्यात. कारण 'ती' नोकरीसाठी जर्सी सिटीला गेली होती आणि फोनवर तिचा आवाज बदललाय असं मला वाटायला लागलं होतं... (नाव सांगत नाही. ती फ्रेंडलिस्टमध्ये आहे. हाय.)

सकाळी उठलो, बॅग गाडीत टाकली, टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि निघालो. जर्सी सिटीला तिने मला कॉफी पाजली आणि परत जायला सांगितलं. मी गेलो नाही... हट्ट!

तिथेच एका उंच बिल्डिंगच्या लॉबीत सिक्युरिटीची नोकरी धरली. आठ महिने केली, आणि यार, आवडली. तणतणत आलेल्या माणसाला डेस्कपाशी थांबवायचं, बोलतं करायचं, मग घडलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. मी स्वतःच भडकू डोक्याचा, त्यामुळे समोरचा कधी भडकणार हे मला त्याच्या आधी कळायचं.

मग घरी परत आलो आणि कम्युनिटी कॉलेजमध्ये क्रिमिनल जस्टिसला नाव घातलं. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला एका काकूंनी विचारलंच, "म्हणजे आता पोलीस होणार? आणि इंजिनिअरिंग?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अहो, मसालेभात घ्या ना अजून." मला प्रोबेशन ऑफिसर व्हायचंय, म्हणजे कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांना सांभाळणारा, हे काकूंना अजून कळलेलं नाही.

कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं मस्त गेली, ग्रेड्स कडक. आता पुढची डिग्री युनिव्हर्सिटीतून, म्हणजे ट्रान्सफर. पण अर्जात जुनं कॉलेजही दाखवावं लागतं, आणि मी कॉलेजात कोणाला न सांगता पळालो असल्याने त्या ट्रान्स्क्रिप्टवर शेवटच्या सेमिस्टरचे पाचही विषय नापास आहेत. अर्जाच्या खाली एक चौकोन होता : स्पष्टीकरण द्या. सगळं त्या चौकोनावर अडलं होतं.

मी दोन पानं लिहिली. पेटून लिहिली! प्रोफेसर कसे कोरडे, डीन कसा निर्दय, प्रेमात माणूस कसा उद्ध्वस्त होतो...

ती पानं आमच्या रिपोर्ट रायटिंगच्या बाईंना दाखवली. बाई म्हणजे रिटायर्ड पोलीस सार्जंट. बोलतात कमी, खोडतात जास्त. "'निर्दय' हे तुला कुठे दिसलं? कपाळावर लिहिलं होतं त्याच्या?" दोन पानांतल्या नऊ ओळी शिल्लक राहिल्या.

मग त्यांनी घटनेच्या रिपोर्टचा कोरा फॉर्म पुढे सरकवला. वेळ, ठिकाण, कोण काय बोललं, कोणी काय केलं, साक्षीदार. "पाहिलंस, ऐकलंस, केलंस, तेवढंच लिही. उरलेलं वकिलांना लागेल."

मला राग आला. तरी घरी येऊन लिहायला बसलो. 'कोण काय बोललं' या रकान्यापाशी हात थांबला... कारण निघायच्या आदल्या संध्याकाळी ती फोनवर स्पष्ट म्हणाली होती, "तू येऊ नकोस. आधी सेमिस्टर संपव."

तीन वर्षांत ही गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली असेल. हे वाक्य एकदाही सांगितलं नव्हतं. फॉर्मवर लिहिलं. खाली लिहिलं : 'मी फोन कट केला. सकाळी सात वाजता घरातून निघालो. साक्षीदार : कोणी नाही.'

शनिवारी ते पान बाबासमोर ठेवलं. बाबा गाड्यांच्या पार्ट्सची ड्रॉइंग्ज तपासतो, पेन्सिल कायम खिशात. तीन वर्षांत आम्ही त्या सकाळबद्दल एक शब्द बोललो नव्हतो, त्यामुळे मी भांडायच्या तयारीतच उभा होतो. त्याने शांतपणे सगळं वाचलं, 'सात' खोडलं आणि वर लिहिलं : सहा चाळीस.

"तुला कसं माहीत?"

"खिडकीत होतो."

"मग थांबवलं का नाहीस?"

"थांबला असतास?" तो चष्मा पुसत म्हणाला, "मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी होती. तासाभरावरच्या टोलेडोच्या पुढे जाईपर्यंत जीव टांगणीला होता माझा. फोन करावा तर तू उचलणार नाहीस..."

आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. चहा कधीच उकळून झाला होता, तरी ढवळत राहिली.

मी 'कोणी नाही' खोडलं आणि तिथे बाबाचं नाव लिहिलं. तेच पान, फक्त टाइप करून, त्या चौकोनात टाकलं. एकही विशेषण नाही.

काल युनिव्हर्सिटीचा मेल आला. घेतलंय मला! कम्युनिटी कॉलेजचे जवळजवळ सगळे क्रेडिट्स धरलेत, दोन विषय पुन्हा करावे लागतील, करू. बाईंना कळवलं, त्यांचं उत्तर आलं, "नोंद घेतली."

मी चांगला प्रोबेशन ऑफिसर होणार, याबद्दल मला शंका नाही. डोकं तापवून घराबाहेर पडलेली मुलं माझ्यासमोर बसतील आणि सांगतील, कोणी नव्हतं तिथे, कोणी बघितलं नाही. मी फॉर्मवरचा तो रकाना लगेच भरणार नाही. आधी विचारेन... तुमच्या घराला खिडकी कुठल्या बाजूला आहे?

थँक यू, बाबा. आज टायरमध्ये हवा भरून आलोय.