हळदीच्या पोरांचं पाळणाघर

देवघरात निर्माल्य साठतं ना, तसे पाळणाघराचे किस्से माझ्याकडे साठलेत. केरात टाकवत नाहीत, म्हटलं थोडे तुमच्या ओंजळीत सोडावेत!

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळी गावांतल्या कितीतरी बायका सांगलीत हळदीच्या गोदामांत कामाला आल्या होत्या. त्यांच्या पोरांसाठी आमच्या महिला मंडळानं मारुतीच्या देवळामागं पाळणाघर काढलं. पोरं सांभाळायला कमळ. आणि कमळ पोरं कशी सांभाळते ते बघायला आम्हा तिघींची कमिटी: अध्यक्ष मालूताई, रिटायर्ड नर्स गोदूमावशी आणि मी.

* * *

मला का घेतलं? तर माझ्या उपासांमुळे! आधीच्या कमिटीतल्या बायका यायच्या, कमळच्या हातचे पोहे खायच्या आणि 'सर्व उत्तम' म्हणून घरी जायच्या. मालूताई म्हणाल्या, "वहिनींचा सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी, एकादशी! त्यांना कोण काय खाऊ घालणार?"

पहिल्या एकादशीला मी मोठ्या ऐटीत गेले. कमळ दारातच हसत उभी. "या काकू! साबुदाणा भिजवलाय. वरीचे तांदूळ चालतात न्हवं?"

पुढं तर माझे उपास माझ्याआधी तिच्याच लक्षात राहायला लागले!

* * *

मालूताईंना सरप्राइज व्हिजिटची भारी हौस. पण कधीही जा, पोरं नाकं पुसून, ओळीत बसून 'शुभं करोति' म्हणताना सापडायची. भर दुपारी शुभं करोति! बातमी फुटते कुठून?

एकदा लक्षात आलं. वळणावर आलो की आमचा टांगेवाला विनाकारण घंटा बडवायचा. मालूताईंनी त्याला धरलं. तो म्हणाला, "आवं ताई, माजी नातच हाय की आत! तिचं नाक तुमी पुसणार हाय काय?"

* * *

गोदूमावशींनी एकदा आत पाऊल टाकलं आणि किंचाळल्याच, "कावीळ! सगळे मागं व्हा!" बघतो तर एका बाळाचे दोन्ही गाल पिवळेधमक. शेजारच्याचं कपाळही पिवळं, तिसऱ्याची हनुवटी. मालूताई रिक्षा बोलवायला धावल्या. मी रामरक्षा सुरू केली.

कमळनं शांतपणे पदर भिजवला आणि बाळाचा गाल पुसला. कावीळ पदराला लागली!

"आया दुपारच्या येऊन मुके घिऊन गेल्यात," ती म्हणाली. "हात धुवायला बी दम निघंना त्यांना."

* * *

जागा सुरक्षित आहे का, हे बघायची गोदूमावशींची रीत न्यारी होती. नऊवारीचा पदर खोचून त्या चक्क रांगायला लागल्या. "मूल जिथून बघतं तिथून बघा! उभ्यानं काय दिसणार?" मालूताई नको-नको म्हणत ओणव्या झाल्या, त्यांच्यामागं मी. आणि खरंच दिसलं की! बाकाखाली वर आलेला खिळा, भिंतीच्या कडेला पडलेली सुई, स्टोव्हची पिन.

तेवढ्यात देवळातले गुरव आले. तीन पोक्त बायका एकामागं एक रांगताहेत! त्यांनी हात जोडले. "कंच्या देवाचा नवस म्हणायचा ह्यो?"

गोदूमावशी मागं न वळता म्हणाल्या, "बाळकृष्णाचा! आधी हातोडी आणा!"

* * *

सगळ्यांत धाकटी होती सुमी. तिची आई हौसा आणि बाप, दोघंही गोदामात. एक दिवस कडेगावाकडून हौसाची सासू थेट पाळणाघरातच आली. "परक्याच्या हातात पोर टाकलीया म्हणत्यात समदी. मी बघणार. मनाला पटलं न्हाई तर सुमीला घिऊन सांजच्या यष्टीनं चालले." गाठोड्यात नातीसाठी नवा परकरही आणला होता. न्यायची तयारीच म्हणा ना!

हौसा जेवणाच्या सुट्टीत धावत आली आणि दाराशी उभी राहिली. लेक गेली तर वर्ष वर्ष दिसायची नाही. लेकीबरोबर जावं, तर शेतात काही उरलं नव्हतं. मी मनातल्या मनात सत्यनारायण बोलले.

मालूताईंनी उकळलेलं पाणी दाखवलं, धुतलेल्या दुपट्यांची चळत दाखवली, औषधांची पेटी, वजनकाटा, सगळं दाखवलं. आजी नुसत्या "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मग भिंतीला टेकून बसल्या, सुमीला मांडीवर घेतलं, चुरमुरे भरवले, तोंडावरून हात फिरवला. आणि फिरवता फिरवता पोरीच्या मांडीला कचकन चिमटा काढला!

सुमीनं टाहो फोडला. "अहो आजी!" मालूताई ओरडल्या. हौसा दारात गुडघ्यावर बसली, दोन्ही हात पसरून. सुमी मांडीवरून उतरली, दुडुदुडु धावत निघाली, आईच्या हातांजवळून पुढं गेली आणि पलीकडं उभ्या असलेल्या कमळच्या निऱ्यांत तोंड खुपसून रडायला लागली.

कमळचा चेहरा पांढरा पडला. तिला पोरीला उचलवेना, बाजूलाही करवेना. हौसाचे हात तसेच पसरलेले.

आजी उठल्या. नवा परकर काढून कमळच्या हातात ठेवला, गाठोडं काखेला मारलं आणि सुनेजवळ जाऊन म्हणाल्या, "आता का बसलीयास? सुट्टी सपली न्हवं तुजी? जा की कामाला!"