आई मशीन झाल्या तेव्हा

फोन आला तेव्हा मी छाणीला, कारखान्याच्या ऑफिसात होते. शेजारच्या हंसाबेन बोलत होत्या. "भाभी, घेर आवो. बा बोलता नथी." बा म्हणजे माझ्या सासूबाई. एवढंच. मी हातातलं काम सेव्ह केलं, शेठना सांगितलं आणि स्कूटर काढली. छाणीहून वासण्याला यायचं म्हणजे बडोद्याला अर्धा वळसा. वाटेत मी रडले नाही. सिग्नल पाळले, एका ट्रकवाल्याला वाट दिली... घरी पोचले तेव्हा आई दुपारच्या झोपेतच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. मला ते पटलं, कारण त्रास झाला असता तर त्यांनी हंसाबेनना हाक मारून तसं सांगितलं असतं. आता दीड महिना होत आला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने त्यांच्या हातच्या वड्यांची आठवण काढली. वड्या चांगल्या होत्याच. पण माझ्या सासूबाई, कुमुदताई, यांच्याबद्दल मला जे लिहायचं आहे ते कुणाच्या तोंडून आलं नाही, कारण ते घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. प्रोग्रॅम लिहायला मला त्यांनी शिकवलं. त्यांना स्वतःला कॉम्प्युटर सुरूही करता येत नसे.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कारखान्यात पाइपांवर बसवायचे व्हॉल्व्ह बनतात. कुठली ऑर्डर आधी घ्यायची, कुठलं मशीन कधी मोकळं होईल, ट्रक कधी भरायचा, हे सगळं तेव्हा मी रोज सकाळी हाताने मांडत असे. मग शेठचा मुलगा शिकून परत आला आणि त्याने ठरवलं की हे काम कॉम्प्युटरने करायचं. शेठ माझ्याशी गोडच बोलले. "वैशालीबेन, शिकून घ्या. दिवाळीनंतर ज्याला हे येईल तो राहील." श्रीकांतची, म्हणजे माझ्या यजमानांची, कंपनी त्याच वर्षी बडोद्यातून उठली होती आणि ते घरी होते. लेकीचं कॉलेज चालू होतं. माझी नोकरी गेली तर घर कशावर चालणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, म्हणून तो प्रश्न घरात कुणी काढत नसे.

मी फतेगंजला एका क्लासला नाव घातलं. सगळी मुलं माझ्या रेवाच्या वयाची. सर भराभर पुढे जायचे आणि मधून मधून "समज पडी?" विचारायचे. सगळे माना डोलवायचे, मीही. पंधरवड्याने लक्षात आलं की मला मानेचाच व्यायाम होतोय. क्लास सोडला आणि तिथल्याच जुन्या पुस्तकांच्या दुकानातून नवशिक्यांसाठीचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. आधीच्या मालकाने तिसऱ्या प्रकरणापर्यंत पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, पुढची पानं कोरी करकरीत. तिसऱ्याच प्रकरणात मीही अडकले.

इंग्रजी मला मोठ्याने वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. कामावरून आले की चहा घ्यायचा आणि जेवणाच्या टेबलाशी बसून वाचायचं. आई समोर मेथी निवडत असायच्या. त्या दिवशी मी पुस्तक आपटलं.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, एक्स बरोबर एक्स अधिक एक. शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी उभं केलं असतं."

"वर तू वाचलंस ना, एक्स म्हणजे डबा?"

"हो."

"मग डब्यात किती लाडू आहेत बघायचं, एक वाढवायचा, झाकण लावायचं. यात उभं करण्यासारखं काय आहे?"

मी पुस्तकाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं... आणि पान उलटलं.

आई टेलिफोन ऑपरेटर होत्या. लग्नाआधी लागल्या आणि बरीच वर्षं त्यांनी समोरच्या बोर्डात तारा खुपसून माणसांना माणसांशी जोडून दिलं. "मी मशीनच होते की," त्या म्हणाल्या. "मागितला तो नंबर जोडायचा. यांना बहुतेक भावाशी बोलायचं असेल, असा विचार आपण करायचा नाही. मनाने जोडलं की भलत्याच्या घरी घंटी." लॅपटॉप दिवसभर रेवाबरोबर कॉलेजात असे, संध्याकाळीही तिच्या अभ्यासातून सुटला तरच मला मिळे. तेव्हा आईंनीच तोडगा काढला. मी कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, मराठीत का होईना, आणि तो त्यांनी चालवायचा. लिहिलेलं तेवढंच करणार, न लिहिलेलं करणार नाही, आणि चुकलं तर सांगणार नाही, अशी अट त्यांनीच घातली.

पहिल्या दिवशी कागदावरचं वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा माझं तोंडच उघडेना. सासूला हुकूम सोडायचे कसे?

"आई, जरा गॅस पेटवता का?"

आई ढिम्म.

"आई?"

"मशीनला 'जरा' कळत नाही. आणि विचारू नकोस, सांग."

"गॅस पेटवा."

त्यांनी शेगडी पेटवली. रिकामी. मी पातेलं ठेवायला सांगितलंच नव्हतं. त्या शांतपणे ज्योतीकडे बघत उभ्या. हे असं रोज चाललं. कधी दुधाशिवाय चहा झाला, कधी कुकरला झाकण लागलं नाही. दुसऱ्या कुणाच्या सासूने एव्हाना सुनेच्या माहेरापर्यंत मजल मारली असती. आमच्या सासूबाई फक्त "पुढची ओळ" म्हणायच्या.

मग तो रविवार आला. श्रीखंड होतं, पुऱ्या व्हायच्या होत्या, आणि पुस्तकात मी लूपपर्यंत पोचले होते. लूप म्हणजे एक अट पुरी होईपर्यंत तीच कामं पुन्हा पुन्हा करत राहायची. पुऱ्यांना याहून योग्य काय? मी लिहिलं: कणकेचा गोळा घ्या. कणीक शिल्लक आहे तोवर: लाटा, तळा, झाऱ्याने काढा. आईंनी गोळा घेतला, लाटला, तळला. टम्म फुगलेली पुरी झाऱ्याने काढली. कणकेकडे बघितलं. कणीक शिल्लक होती. त्यांनी ती गरम पुरी पोळपाटावर ठेवली आणि तिच्यावरून लाटणं फिरवलं.

"आई, हे काय चाललंय?" श्रीकांत श्रीखंडाची वाटी पुढ्यात घेऊन बसले होते.

"बायकोला विचार. मला सांगितलंय तेवढं मी करतेय."

"एखादी तरी वाढ."

"मशीनशी मधे बोलू नये."

तुकडे तळले, काढले, पुन्हा लाटले. तेल पोळपाटावर, पोळपाटावरून पदराला. रेवा हसून हसून जमिनीवर बसली. मी मात्र घामाघूम. कागद पुन्हा पुन्हा वाचला. सगळं तर लिहिलं होतं... आणि मग दिसलं. गोळा घ्यायचं मी लूपच्या बाहेर लिहिलं होतं. ते एकदाच होणार. कणीक कधीच संपणार नाही. बाण काढून ती ओळ मी आत नेली. आईंनी नवा गोळा घेतला. शाबासकी नाही, काही नाही. जेवताना एवढंच म्हणाल्या, "इथे कणीक गेली. तिथे ट्रक गेले असते."

दिवाळी झाल्यावर शेठच्या मुलाने मला खरोखरच्या ऑर्डरी देऊन बसवलं. माझा प्रोग्रॅम सुरू झाला आणि स्क्रीनवर एकच ऑर्डर, तीच, तीच, खाली खाली धावायला लागली. "बेन, रहेवा दो," तो हळूच म्हणाला. वाईट मुलगा नव्हता. मी म्हटलं, पाच मिनिटं बसा. मला माहीत होतं कुठे बघायचं. पुढची ऑर्डर उचलायची ओळ बाहेर राहिली होती. ती आत घेतली. शेठनी छापलेला कागद माझ्या हाताने केलेल्या मांडणीशी ताडून बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "चालशे." मी राहिले. अजून आहे.

त्या संध्याकाळी घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाल्या, "बरं झालं." आणि बऱ्याच वेळाने, मी विचारलेलं नसताना, "आमच्याकडे आपोआप नंबर जोडणारं मशीन आलं तेव्हा मला टपालाच्या टेबलावर बसवलं. घरी सगळे म्हणाले, चला, कान सुटले. पण मला बघायचं होतं गं, ते मशीन माझ्याशिवाय कसं जोडतं ते. मी विचारलंच नाही. कुणी हसेल म्हणून."

"आता कळलं का?"

"लाडवाच्या डब्यापर्यंत," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

तोपर्यंत मला वाटत होतं की त्या माझ्यासाठी एवढं करताहेत. माझ्यासाठी तर होतंच. पण स्वतःसाठीही होतं हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. उपकाराचं ओझं निम्मं झालं आणि आनंद तेवढाच राहिला.

गेल्या महिन्यात शेठच्या मुलाने, आता तोच शेठ आहे, पुन्हा मला बोलावलं. आता म्हणे प्रोग्रॅमही कॉम्प्युटरच लिहितो, आपण नुसतं साध्या भाषेत सांगायचं. शिकून घ्या, बेन. मी यायच्या वाटेवर नवं पुस्तक घेतलं. हेही नवशिक्यांसाठीचं. चहा झाल्यावर टेबलाशी बसले आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचायला लागले. दोन पानं वाचली, मग आवाज उतरत गेला, मग थांबले.

श्रीकांत आतून आले. "का थांबलीस?"

"काही नाही. ऐकायला कुणी नाही."

ते टेबलाजवळ आले. "मी बसू? पण मला आईसारखं जमणार नाही. मी मधे मधे शंका काढतो."

"तेच हवंय," मी म्हटलं. "हे नवं मशीन न सांगितलेलंही स्वतःच धरून चालतं. आता शेजारी शंका काढणारंच माणूस लागणार."

ते आईंच्या खुर्चीकडे बघून घुटमळले आणि दुसरी ओढायला लागले.

"तिथेच बसा," मी म्हटलं. "उजेड तिथे चांगला येतो."