लॉन एवढंसं, मशीन केवढं

साहेबांनी मोबाइल माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "मॅडम, ड्राइव्ह कोणता घ्यावा? मागच्या चाकांचा की चारी चाकांचा?"

प्रश्न लॉन मोअरबद्दल, म्हणजे गवत कापायच्या मशीनबद्दल होता. ज्या लॉनसाठी ते मशीन घ्यायचं होतं, त्यावर साहेब, त्यांच्या घरच्या वहिनी आणि मी असे तिघं उभे होतो. चौथा माणूस आला असता तर त्याला कुंडीत उभं करावं लागलं असतं.

मी शिरूरची. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बागा सांभाळायचं कॉन्ट्रॅक्ट घेते. साहेब त्यातल्याच एका कंपनीचे अॅडमिन हेड. शिरूरबाहेर त्यांनी नवा बंगला बांधला आणि तज्ज्ञ सल्ल्यासाठी मला बोलावलं. माझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल त्यांच्याच टेबलावर होतं. ते त्यांनी मला फाटकातच सांगितलं. आपलं सहज.

त्यांच्या मनात पेट्रोलचं सेल्फ प्रोपेल्ड मशीन भरलं होतं. सेल्फ प्रोपेल्ड म्हणजे मशीन इंजिनवर आपणच पुढं जातं, माणसानं मागून दिशा द्यायची. कंपनीच्या मैदानाला उत्तम. इथं त्याला वळवायचं तर शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन यावं लागलं असतं. शिवाय पेट्रोल आणा, ऑइल बदला, वापर नसला की कार्ब्युरेटर चोंदतो तो साफ करून घ्या. हे सगळं मी सांगितलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं आणि कॅचर किती लिटरचा हवा, ते विचारलं. कॅचर म्हणजे कापलेलं गवत साठवायची पिशवी. त्यांच्या लॉनचं सगळं गवत उपरण्यात मावलं असतं.

मी म्हटलं, तुम्हाला रील मोअर पुरे. त्याला इंजिन नसतं. आपण ढकललं की चाकांबरोबर वळलेली पाती फिरतात आणि खालच्या सरळ पात्यावर गवत कात्रीसारखं कापतात. किंमत कमी, खर्च पात्यांना धार लावण्याचा. खोट एवढीच की गवत गुडघाभर वाढू द्यायचं नाही आणि खडे वेचून ठेवायचे.

साहेब माझ्याकडं असं बघत राहिले, जणू मी त्यांना कार सोडून हातगाडी घ्यायला सांगितली.

मी त्यांना विचारलं की मशीन चालवणार कोण. ते म्हणाले, मीच, दर रविवारी, एक्सरसाइज होईल. वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी हातातला विळा दुसऱ्या हातात घेतला. तोवरचं सगळं गवत त्यांनीच बसून कापलं होतं. खांदा दुखत असल्यानं त्या अधूनमधून तो दाबत होत्या. त्यांचं माहेर दौंडकडचं, घर शेतकऱ्याचं. बंगल्यामागं चार वाफे करायचे त्यांच्या मनात होतं, पण साहेबांना 'व्ह्यू' हवा होता.

साहेबांना 'नाही' म्हणणं मला परवडण्यासारखं नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर घरी जाऊन निवांत झोपले असते. पण वहिनींचा खांदा सारखा डोळ्यापुढं येत होता. मी म्हटलं, रविवारी दोन्ही मशीन आणते, चालवून बघा.

रविवारी साहेब ट्रॅकसूट आणि गॉगल घालून तयार होते. पेट्रोलचं मशीन दोरी ओढून चालू करावं लागतं. साहेबांनी दोरी ओढली. मग पुन्हा ओढली. मग ट्रॅकसूटची चेन उघडून ओढली. शेवटी इंजिन लागलं आणि मशीन साहेबांना घेऊन निघालं. लिव्हर सोडला की ते थांबतं, हे मी आधीच सांगितलं होतं. साहेबांनी तो आणखी घट्ट धरला. वहिनींची शेवंती एका झटक्यात आडवी झाली आणि मशीन भिंतीला टेकून घुमत राहिलं. मी धावत जाऊन साहेबांचा हात सोडवला.

"ग्राउंड लेव्हलमध्ये नाही," साहेब म्हणाले.

वहिनींनी मोडलेली शेवंती उचलून पायरीवर ठेवली. मग मला म्हणाल्या, "ताई, ते दुसरं बघू."

मी रीलचा दांडा त्यांच्या कमरेच्या बेतानं खाली करून दिला. पहिल्या फेरीत त्या अडखळल्या, पुढच्या फेरीत चाल जमली. खरखर आवाज येत होता आणि मागं गवत बारीक पडत होतं. खांदा दुखतोय का, मी विचारलं. जोर पायानं लावला की न्हाई दुखत, म्हणाल्या. लॉनच्या मध्यावर आल्यावर त्या थांबल्या आणि टाचेनं मातीत आडवी रेघ ओढली.

साहेबांनी विचारलं, हे काय?

"मशीन मीच ढकलणार, व्हय ना? मग हितपर्यंत लॉन. पल्याड मेथी आन् कांद्याची पात."

"आणि व्ह्यू?"

"मेथी बी हिरवीच असती."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. तज्ज्ञ म्हणून मी पुष्टी दिली की मेथी हिरवी असते.

रील मशीन त्यांनी घेतलं. कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर ते अर्धंच रिन्यू झालं. कंपनीची मागची बाग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला गेली. त्याच्याकडं चारी चाकांच्या ड्राइव्हचं मशीन आहे म्हणे. महिनाभर मला ते लागलं. एक माणूस कमी करावा लागतो की काय, अशी वेळ आली होती. मग साहेबांच्याच ऑफिसातून फोन यायला लागले. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं की भरपूर रिसर्च करून त्यांनी एक बिनपेट्रोलचं, पर्यावरणपूरक मशीन शोधून काढलंय. तसंच हवं, प्रत्येक जण म्हणे. त्यातल्या काहींच्या बागा मग माझ्याकडंच आल्या आणि माणूस टिकला.

आता नव्या गिऱ्हाइकाकडं गेले की मी आधी लॉन बघत नाही, बजेटही विचारत नाही. घरात विळा कुणाच्या हातात असतो ते बघते आणि मशीनची माहिती त्यांनाच सांगते. साहेब लोकांना कॅटलॉग देते; त्यांचाही वेळ चांगला जातो.